उलटीवरचे औषध कातडीच्या वाटेने

ज्या रोग्याच्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नाही, त्याला उलटी थांबवण्याची गोळी गिळावयास सांगणे यात जी विसंगती आहे, ती वैद्यकाला फार पूर्वीपासून जाचत आली आहे. गोळी विरघळेपर्यंत ती आत राहीलच याची हमी नसते. राहिली तरी मळमळीच्या काळात जठराची हालचाल मंदावलेली असल्यामुळे ती आतड्याकडे सरकण्यास विलंब लागतो. आणि शोषली गेली तरी यकृतातून होणाऱ्या पहिल्याच फेरीत तिचा बराच अंश खर्ची पडतो, इतका की ऑन्डान्सेट्रॉनसारख्या औषधाचा सुमारे साठ टक्के आणि डॉम्पेरिडोनचा जेमतेम पंधरा टक्के भाग रक्तापर्यंत शाबूत पोहोचतो. सुई टोचणे हा मार्ग खात्रीचा खरा, परंतु तो घरोघरी आणि वारंवार चालण्याजोगा नाही. गुदमार्गे औषध देणे उपयुक्त असले तरी रोगी आणि त्याची सेवा करणारी माणसे दोघेही त्याला नाखूश असतात. अशा परिस्थितीत मनगटावर थोडेसे जेल चोळावे आणि औषधाने कातडीतून झिरपून निमूटपणे रक्तात शिरावे, ही कल्पना किती मोहक वाटेल हे सांगावयास नको.

तथापि मोहक कल्पना आणि सिद्ध उपचार यांच्यामध्ये परीक्षणाची एक लांबलचक वाट असते, आणि उलटीवरील औषधी जेलांविषयी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे लेखन झाले आहे त्याचा पुष्कळसा भाग या वाटेच्या पहिल्या मुक्कामावरच थबकलेला आढळतो. जेलमधून औषध बाहेर पडते काय, बाहेर पडलेले औषध त्वचा ओलांडते काय, ओलांडलेले औषध रक्तात उपयोगी पडेल इतक्या प्रमाणात जमते काय, आणि अखेर रोग्याची मळमळ त्यामुळे खरोखर शमते काय, हे चारही प्रश्न भिन्न आहेत. एकाचे उत्तर होकारार्थी आले म्हणून दुसऱ्याचे तसेच येईल असे मानण्यास आधार नाही. या साध्या भेदाचा विसर पडल्यामुळे काय घडले, हे पाहणे हाच प्रस्तुत आढाव्याचा मुख्य उद्देश आहे.

प्रथम त्वचेचा विचार करू. आपण जिला कातडी म्हणतो तिचा सर्वांत वरचा थर, ज्याला शृंगस्तर म्हणतात, तो शरीराच्या बहुतेक भागांवर अवघा दहा ते वीस मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे कागदाहूनही कितीतरी पातळ असतो, आणि तरीही बाहेरच्या द्रव्यांना अटकाव करण्याचे जवळजवळ सगळे काम तोच करतो. कॅलिफोर्नियातील अल्झा या कंपनीत काम करणाऱ्या मायकेल्स, चंद्रशेखरन आणि शॉ या संशोधकांनी १९७५ मध्ये या थराचे जे चित्र रेखाटले ते आजही पाठ्यपुस्तकांतून चालत आले आहे: मृत, चपट्या पेशी या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. औषधाच्या रेणूला विटांना वळसे घालीत त्या स्निग्ध चुन्यातून मार्ग काढावा लागतो. साहजिकच जो रेणू आकाराने मोठा आहे त्याला हा मार्ग बंद असतो. बॉस आणि माइनार्डी यांनी २००० साली यासाठी ५०० डाल्टन ही स्थूल मर्यादा सुचवली. जो रेणू केवळ पाण्याशी सख्य ठेवतो तो स्निग्ध थरात शिरतच नाही, आणि जो केवळ तेलाशी ठेवतो तो शिरतो खरा, पण खालच्या सजल थरांत उतरण्याऐवजी तेथेच मुक्काम ठोकतो. उलटीवरची बहुतेक औषधे आकाराच्या कसोटीला उतरतात: ऑन्डान्सेट्रॉन सुमारे २९३, मेटोक्लोप्रमाइड ३००, ग्रॅनिसेट्रॉन ३१२, हॅलोपेरिडॉल ३७६, डॉम्पेरिडोन ४२६. परंतु बाजारात ती पुष्कळदा हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात मिळतात, आणि क्षाराचे विद्युत्भारित रेणू त्वचेच्या स्निग्ध मार्गाला मानवत नाहीत. म्हणून गोळी कुटून तिची भुकटी जेलमध्ये कालवली की झाले, हा समज रसायनशास्त्राच्या पहिल्याच पायरीवर अडखळतो.

शिवाय त्वचा सर्वत्र सारखी नसते. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ मध्ये किरणोत्सर्गी हायड्रोकॉर्टिसोन वापरून शरीराच्या निरनिराळ्या भागांतून होणाऱ्या शोषणाची तुलना केली, तेव्हा हाताच्या पुढच्या बाजूचे शोषण एक धरले तर कपाळावर ते सहापट, जबड्याच्या कोपऱ्यावर तेरापट आणि अंडकोषावर बेचाळीसपट निघाले. उलट तळपायाच्या कमानीवर ते सातव्या हिश्शाइतकेच होते. म्हणजे जेल मनगटावर लावायचे की कानामागे, हा सोयीचा प्रश्न नसून मात्रेचा प्रश्न आहे. मनगटाची निवड बहुधा एवढ्याचसाठी झाली की ते चोळावयास सोपे असते.

आता प्रयोगशाळेतील परीक्षणाकडे वळू. त्वचेतून होणारा पाझर मोजण्याचे सर्वांत परिचित उपकरण म्हणजे फ्रान्झ यांचा काचेचा कोष. थॉमस फ्रान्झ यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, शरीरापासून अलग केलेल्या मानवी त्वचेवर मिळणारी उत्तरे जिवंत माणसावर पूर्वी मिळालेल्या उत्तरांशी कितपत जुळतात याची डझनभर सेंद्रिय संयुगांच्या साहाय्याने रुजवात घातली होती. उपकरण साधे आहे. वरच्या कप्प्यात जेल, मध्ये त्वचेचा तुकडा, खालच्या कप्प्यात सतत ढवळला जाणारा द्रव, आणि त्वचेच्या पृष्ठभागाचे तापमान ३२ अंश सेल्सिअस. ठराविक वेळेने खालचा द्रव थोडाथोडा काढून घ्यावा, त्यातील औषध वर्णलेखनाने मोजावे, आणि दर चौरस सेंटीमीटरमागे तोवर एकूण किती मायक्रोग्रॅम औषध पलीकडे गेले याचा कालानुसार आलेख काढावा. या आलेखाच्या सरळ झालेल्या रेषेचा चढ हा पाझरण्याचा वेग, आणि ती रेषा मागे वाढवली असता जेथे कालाच्या अक्षाला छेदते तो विलंबकाल. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडोल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडलेला विसरणाचा नियम या सगळ्या हिशोबाच्या मुळाशी आहे.

उपकरणाचा दोष नाही. दोष ते चालवणाऱ्याच्या निवडीत शिरतो. पहिली निवड पडद्याची. जेलमधून औषध नुसते बाहेर पडते की नाही हे पाहण्यासाठी सेल्युलोजचा कृत्रिम पडदा योग्यच आहे, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ च्या मार्गदर्शिकेत या मोचनाच्या कसोटीला जे स्थान दिले ते नेमके एवढ्याच कामापुरते: कारखान्यात घटक, यंत्र किंवा जागा बदलल्यावर माल पूर्वीसारखाच राहिला आहे काय याची खातरजमा करणे. मोचनाच्या कसोटीवरून त्वचेतील शोषणाचे अनुमान काढण्याचा परवाना त्या मार्गदर्शिकेने कोणालाही दिलेला नाही. तरीही सेल्युलोजच्या पडद्यातून आठ तासांत नव्वद टक्के औषध बाहेर आले एवढ्यावरून जेल त्वचेतून औषध पोहोचवण्यास उपयुक्त असल्याचा निष्कर्ष काढणारे निबंध विपुल आहेत. अंड्याच्या कवचाआतील पातळ पापुद्रा काढून तोही पडदा म्हणून लावला जातो. स्वस्त आहे, सहज मिळतो, परंतु मानवी शृंगस्तराशी त्याचे नाते कोणते, हे मात्र कोणी सांगत नाही.

जनावरांच्या त्वचेने प्रश्न काहीसा सुटतो आणि काहीसा वाढतो. उंदराची आणि सशाची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा बरीच अधिक पारगम्य असते, त्यामुळे त्यांच्यावर आलेले आकडे फुगलेले असतात. डुकराच्या कानाची त्वचा मात्र मानवी त्वचेला पुष्कळशी जवळची ठरली आहे, आणि कत्तलखान्यातून ती मिळवता येत असल्याने त्यासाठी मुद्दाम जनावर मारावे लागत नाही. सर्वांत ग्राह्य अर्थातच मानवी त्वचा, जी पोटावरील चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रीतसर संमतीने मिळू शकते. ती मिळाल्यावरही तिचा तुकडा फाटका किंवा सच्छिद्र नाही हे विद्युत्रोध अथवा पाण्याची गळती मोजून आधी ठरवावे लागते. हे न करता काढलेले उत्तम आकडे हे कित्येकदा भोकाचे आकडे असतात.

दुसरी निवड मात्रेची, आणि माझ्या मते सर्वाधिक दिशाभूल येथेच होते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००४ मध्ये काढलेल्या ४२८ क्रमांकाच्या परीक्षणसूचनेत वापराच्या प्रत्यक्ष परिस्थितीशी सुसंगत अशी अल्प मात्रा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला काही मिलिग्रॅम, लावावी असे सुचवले आहे; शिवाय अखेरीस जेलमध्ये उरलेले, त्वचेत अडकलेले, पुसून काढलेले आणि पलीकडे गेलेले असे सगळे औषध मोजून त्याची बेरीज लावलेल्या औषधाच्या शंभर टक्क्यांपासून दहाच्या आत-बाहेर आली पाहिजे, अशी अट घातली आहे. प्रत्यक्षात अनेक निबंधांत दोन-तीन चौरस सेंटीमीटरच्या तुकड्यावर एक ग्रॅम जेलचा ढीग ठेवलेला असतो, वरून तो झाकलेला असतो, आणि चोवीस तास ओला राहतो. रोग्याच्या मनगटावर तेच एक ग्रॅम जेल पंचवीस-तीस चौरस सेंटीमीटरवर पसरते, अर्ध्या तासात वाळते, आणि बाहीला, चादरीला, शुश्रूषा करणाऱ्या मुलीच्या बोटांना लागून त्याचा काही भाग नाहीसाही होतो. काचेच्या कोषातील जेल कधी वाळत नाही. तेथे मिळालेला वेग हा त्वचेचा नव्हे तर त्या कृत्रिम सुकाळाचा वेग असतो.

महाराष्ट्रात आणि एकंदर भारतात औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ऑन्डान्सेट्रॉन, मेटोक्लोप्रमाइड, डॉम्पेरिडोन अशा औषधांचे जेल तयार करून त्याचे मूल्यमापन करणे हा प्रबंधाचा एक आवडता विषय आहे. कार्बोपोल किंवा हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइल सेल्युलोज घ्यावे, प्रोपिलीन ग्लायकॉल, ओलेइक आम्ल किंवा मेन्थॉल हे पारगमनवर्धक म्हणून घालावे, सामू, चिकटपणा, पसरण्याची क्षमता, औषधाचा अंश आणि स्थिरता मोजावी, आणि शेवटी पाझरणीचा आलेख द्यावा असा त्याचा शिरस्ता पडून गेला आहे. विद्यार्थ्याला हात बसण्यासाठी हा अभ्यास चांगला आहे आणि त्याची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. दोन वर्षांत, मर्यादित पैशात आणि प्राण्यांवरील प्रयोगांच्या नियमांच्या चौकटीत विद्यार्थी याहून फारसे काय करणार? तक्रार एवढीच, की अशा प्रबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात केमोथेरपीच्या रोग्यांना हे जेल वरदान ठरेल असे जे विधान हमखास येते, त्याला आतल्या एकाही तक्त्याचा आधार नसतो. सूक्ष्म कणांच्या, नायोसोम नावाच्या औषधवाहक सूक्ष्म पिशव्यांच्या, किंवा जेरुसलेममधील तुइतू यांनी प्रचलित केलेल्या मद्यार्कयुक्त एथोसोमच्या नव्या पद्धती आल्या म्हणून हा प्रश्न बदलत नाही. कणाचा आकार कितीही लहान केला तरी रक्तातील मोजणी टाळता येत नाही.

या सगळ्या आकड्यांना अर्थ येतो तो गरजेचा हिशोब मांडल्यावरच, आणि हा हिशोब इतका सोपा आहे की तो कित्येक निबंधांत नसावा याचे आश्चर्य वाटते. समजा, रोग्याला दिवसाकाठी सोळा मिलिग्रॅम ऑन्डान्सेट्रॉन तोंडाने लागते. त्यातील साठ टक्के रक्तात पोहोचतात असे धरले तर त्वचेतून दिवसाला सुमारे साडेनऊ मिलिग्रॅम, म्हणजे तासाला चारशे मायक्रोग्रॅम औषध आत गेले पाहिजे. जेल वीस चौरस सेंटीमीटरवर लावले तर दर चौरस सेंटीमीटरमागे तासाला वीस मायक्रोग्रॅमचा वेग हवा. हा वेग कमी नाही. तुलनेसाठी यशस्वी ठरलेल्या दोन चिकटपट्ट्या घ्या. स्कोपोलामाइनची पट्टी अडीच चौरस सेंटीमीटरची असते आणि तीन दिवसांत सुमारे एक मिलिग्रॅम औषध देते: म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला तासाला साडेपाच मायक्रोग्रॅमच्या आसपास. ग्रॅनिसेट्रॉनची पट्टी बावन्न चौरस सेंटीमीटरची, दिवसाला ३.१ मिलिग्रॅम देणारी: म्हणजे अवघे अडीच मायक्रोग्रॅम. या दोहोंच्या यशाचे रहस्य त्वचेवर विजय मिळवण्यात नसून, ज्यांची अत्यल्प मात्रा पुरते अशी औषधे निवडण्यात आहे. डॉम्पेरिडोनला दिवसाला तीस मिलिग्रॅमची गोळी लागते म्हणून ते जेलसाठी योग्य, असे जो म्हणतो त्याने यकृतात जाणारी वजावट जमेस धरून हा हिशोब करून दाखवावा. कदाचित तो जमेलही, पण दाखवल्याशिवाय मान्य करता येणार नाही.

स्कोपोलामाइनच्या पट्टीचा इतिहास येथे थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे, कारण परीक्षण कसे असावे याचा तो नमुना आहे. उरुग्वेमध्ये जन्मलेले आलेहांद्रो झाफारोनी यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या अल्झा कंपनीने प्रवासातील मळमळीवर ही पट्टी तयार केली, आणि १९७९ च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. कातडीवाटे संपूर्ण शरीरावर परिणाम करणारी त्या देशातील ती पहिली मान्यताप्राप्त पट्टी होय. स्कोपोलामाइन तोंडाने दिले असता परिणाम आणि दुष्परिणाम यांच्यातील अंतर फार थोडे असते, म्हणून रक्तातील प्रमाण दीर्घकाळ एकसारखे ठेवण्याची आवश्यकता होती. यासाठी त्यांनी त्वचेवर विसंबून न राहता पट्टीतच वेग ठरवणारा पडदा बसवला, म्हणजे पाझर नियंत्रित करण्याचे काम त्वचेऐवजी पट्टी करू लागली. शृंगस्तरात जी जागा औषधाने भरून निघावी लागते तिच्यासाठी चिकट थरात वेगळी प्रारंभिक मात्रा ठेवली. आणि कानामागची त्वचा अधिक पारगम्य असल्याचे मोजून तीच जागा नेमून दिली. जेलमध्ये यातले काहीच नसते. क्षेत्रफळ ठरलेले नाही, थराची जाडी ठरलेली नाही, वेळ ठरलेली नाही. जेलची मात्रा ही खरे पाहता चोळणाऱ्या हाताची मात्रा असते. पट्टीलाही उणिवा आहेत. तिला हात लावून तोच हात डोळ्याला लावला तर बाहुली विस्फारते, आणि परिणाम जाणवण्यास काही तास जावे लागतात. ग्रॅनिसेट्रॉनची पट्टी २००८ मध्ये मान्य झाली ती केमोथेरपीपूर्वी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास आधी दंडावर लावण्यासाठी, कारण तिचे रक्तातील प्रमाण शिखरावर पोहोचण्यास जवळपास दोन दिवस लागतात. तिची तुलना सहाशेहून अधिक रोग्यांत रोज दोन मिलिग्रॅमच्या गोळीशी करण्यात आली, आणि पट्टीच्या गटात साठ टक्के तर गोळीच्या गटात पासष्ट टक्के रोग्यांना पूर्ण आराम मिळाला. पूर्वनियोजित मर्यादेत ती गोळीहून कमी नाही असे ठरले. याला म्हणतात पुरावा.

याच्या अगदी उलट प्रकार एबीएच नावाच्या जेलचा. लोराझेपाम, डायफेनहायड्रामाइन आणि हॅलोपेरिडॉल या तीन औषधांच्या अमेरिकन व्यापारी नावांची आद्याक्षरे एकत्र करून हे नाव पडले आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत प्लुरोनिक आणि लेसिथिन यांचे मिश्र जेल मागणीनुसार औषधे बनवून देणाऱ्या औषधविक्रेत्यांत लोकप्रिय झाले: थंडीत पातळ राहणारे आणि उष्णतेने घट्ट होणारे प्लुरोनिक, आणि त्यात आयसोप्रोपिल पामिटेटमध्ये विरघळवलेले लेसिथिन. या आधारद्रव्यात जवळजवळ कोणतेही औषध कालवून देता येई आणि प्रत्येक वेळी कारखान्यातील औषधाला लागते तशा मान्यतेची गरज पडत नसे. मरणासन्न रोग्यांची सेवा करणाऱ्या संस्थांत एबीएच जेल लवकरच रुळले. रोग्याला गिळता येत नाही, सुई नकोशी वाटते, नातलगांना काहीतरी करावेसे वाटते. या तिन्ही अडचणींवर एकच इलाज मिळाला. २००८ मध्ये केमोथेरपीच्या रोग्यांवर झालेल्या एका लहानशा प्राथमिक अभ्यासात सुमारे तीनचतुर्थांश रोग्यांनी आराम पडल्याचे सांगितले. तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता. यापूर्वीच, २००५ मध्ये, लंडनच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील सुदक्षिणा मुर्दान यांनी या आधारद्रव्याविषयीच्या आढाव्यात पुराव्याच्या अपुरेपणाकडे लक्ष वेधले होते.

व्हर्जिनियातील थॉमस स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इतका सरळ आहे की तो दहा वर्षे आधीच कोणीतरी का केला नाही, हा प्रश्न पडतो. पंचवीस ते अठ्ठावन्न वर्षे वयाच्या दहा निरोगी स्वयंसेवकांच्या मनगटांवर एक मिलिलिटर जेल चोळण्यात आले. त्यात दोन मिलिग्रॅम लोराझेपाम, पंचवीस मिलिग्रॅम डायफेनहायड्रामाइन आणि दोन मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल होते. चार तासांपर्यंत ठराविक अंतराने रक्त काढून ते मिलिलिटरमागे ०.०५ नॅनोग्रॅम इतके सूक्ष्म प्रमाण ओळखणाऱ्या पद्धतीने तपासण्यात आले. लोराझेपाम कोणाच्याही रक्तात आढळले नाही. हॅलोपेरिडॉलही आढळले नाही. डायफेनहायड्रामाइन दहांपैकी पाच जणांत सापडले, पण सर्वाधिक प्रमाण ०.३० नॅनोग्रॅम, म्हणजे तोंडाने घेतलेल्या नेहमीच्या मात्रेनंतर दिसणाऱ्या प्रमाणाच्या शतांशाच्या आसपास. पुढे २०१४ मध्ये त्याच गटाने मळमळ असलेल्या वीस कर्करोग्यांवर दुहेरी अंधत्व राखून, प्रत्येक रोग्याला एकदा जेल आणि एकदा औषधविरहित जेल देऊन तुलना केली. शून्य ते दहा या मापावर तासाभरात झालेली घट एबीएच जेलने सरासरी १.७ आणि औषधविरहित जेलने ०.९ अशी होती, आणि हा फरक योगायोगापासून वेगळा करता येण्याजोगा नव्हता. दरम्यान २०१३ मध्येच अमेरिकेच्या परिहारक वैद्यक अकादमीने मळमळीसाठी एबीएच जेल वापरू नये, असा स्पष्ट सल्ला दिला होता.

या प्रयोगांवर घेतले गेलेले आक्षेप दुर्लक्षणीय नाहीत. पहिल्या प्रयोगातील स्वयंसेवक निरोगी होते. मरणपंथाला लागलेल्या रोग्याची त्वचा पातळ आणि शुष्क असते, तिचे शोषण वेगळे असू शकते. मात्रा एकच होती आणि वेळ चारच तासांची. यातील दुसऱ्या आक्षेपाला पशुवैद्यकात एक खरा आधार आहे. मांजरांच्या थायरॉइडच्या आजारावर मेथिमाझोल याच प्लुरोनिक-लेसिथिन जेलमधून कानाच्या आतल्या बाजूस लावले असता एका मात्रेनंतर रक्तात ते नगण्यच दिसले, परंतु कित्येक आठवडे सतत लावल्यावर थायरॉइडची पातळी खाली आली. म्हणजे शृंगस्तर हळूहळू औषधाने भरतो आणि मग पाझर सुरू होतो. म्हणून एका मात्रेच्या नकारावरून जेलचा कायमचा फैसला करणे शास्त्रशुद्ध नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु उलटीच्या रोग्याला आराम आजच्या आज हवा असतो, चार आठवड्यांनी नव्हे. आणि ज्या औषधाची उपयोगिता हळूहळू भरण्यावर अवलंबून आहे ते मागेल तेव्हा चोळण्याच्या तत्त्वावर देण्यात काय हशील? उलटीवरच्या ऑन्डान्सेट्रॉनचे जेल निरोगी मांजरांच्या कानांवर लावून पाहिले तेव्हा रक्तात ते उपयोगी प्रमाणात आले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. उलट भूक वाढवणारे मिर्टाझापाइनचे मलम मांजरांसाठी २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, तेही नियमित मोजणीच्या मार्गाने. तेव्हा कातडीवाटेचा मार्गच खोटा आहे असे म्हणण्याचे कारण नाही.

मग इतक्या रोग्यांना बरे का वाटले? मळमळ ही लाटांनी येणारी आणि लाटांनी जाणारी पीडा आहे. जेल लावले जाते ते लाट शिखरावर असताना, आणि अर्ध्या तासात ती ओसरणारच असते. कोणीतरी मायेने मनगट चोळते आहे याचाही परिणाम खोटा नव्हे; मात्र तो परिणाम हॅलोपेरिडॉलच्या नावावर लिहिला गेला की दोन अनर्थ होतात. एक तर ज्या रोग्याची मळमळ आतड्याच्या अडथळ्याने, रक्तातील कॅल्शियम वाढल्याने किंवा अफूजन्य औषधांमुळे उद्भवली आहे त्याच्या कारणाचा शोध लांबणीवर पडतो. आणि दुसरे, जे औषध पोहोचलेच नाही ते निकामी ठरले अशी नोंद दप्तरात होऊन, तेच औषध सुईने दिले असता उपयोगी पडले असते ही शक्यता हातची जाते.

आज कातडीवाटे मळमळीवर इलाज म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केलेल्यांत चिकटपट्ट्या आहेत. जेल एकही नाही. विद्युत्प्रवाहाने औषध आत ढकलण्याच्या तजविजीलाही अजून स्थिर यश नाही. मळमळीमुळे गोळी न घेता येणाऱ्या अर्धशिशीच्या रोग्यांसाठी २०१३ मध्ये मान्य झालेली तशी एक पट्टी भाजण्याच्या तक्रारींमुळे २०१६ मध्ये बाजारातून काढून घ्यावी लागली. तेव्हा नव्या जेलचा दावा पुढे येईल तेव्हा परीक्षकांनी, संपादकांनी आणि औषधाची चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी मानवी त्वचेवरील, प्रत्यक्ष वापराइतक्या मात्रेतील पाझराचा वेग आणि त्यानंतर माणसाच्या रक्तातील मोजणी, हे दोन आकडे मागितल्यावाचून तो दावा दाखल करून घेऊ नये. आणि घरी उलट्यांनी बेजार झालेल्या माणसासाठी कोणी कातडीवर चोळायचे जेल सुचवले, तर जिभेवर विरघळणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी, गुदमार्गे देण्याचे औषध किंवा त्वचेखाली दिले जाणारे इंजेक्शन यांपैकी काय शक्य आहे, हे डॉक्टरांना आधी विचारावे.